उशाशी कोण होतं

सोमवारी सकाळी शुक्रवारताईंचं मत ऐकल्याशिवाय आमच्या लॅबमध्ये कुणी कामाला हात लावत नसे. लॅब दातांची. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांचे ठसे येतात आणि आम्ही त्यांवरून कवळ्या करतो. मी प्लास्टर ओतते, ताई मेणात एकेक दात बसवतात आणि कोपऱ्यातला पॉलिशवाला शेवटचा हात फिरवतो. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, एकच खिडकी, आणि एक वास, जो कितीही न्हालं तरी केसांतून जात नाही.

ताईंना शुक्रवारताई हे नाव पडलं ते सिनेमामुळे. नवा सिनेमा शुक्रवारी लागतो आणि शुक्रवारी दुपारी ताई अर्धी रजा टाकतात. बाकीचे पाच दिवस त्या कुणापेक्षा कमी काम करत नाहीत, त्यामुळे मालकांनीही कधी कपाळाला आठी घातली नाही. थिएटरात त्या कडेच्या खुर्चीवर एकट्या बसतात, खात-पीत काही नाहीत, आणि शेवटची नावं सरकून पडदा पांढरा होईपर्यंत उठत नाहीत. झाडूवाली बाई येऊन पाय वर घ्या म्हणते, तेव्हा त्या निघतात.

आणि सोमवारी मत. जिभेला हाड नाही म्हणतात, ताईंच्या जिभेला बहुतेक धारच लावलेली होती. सगळीकडे गाजत असलेल्या त्या युद्धाच्या सिनेमाबद्दल त्या म्हणाल्या होत्या, की गोळी लागलेला माणूस आईला हाक मारतो, भाषण करत नाही. आणि शत्रूचे शिपाई तरी किती सभ्य, भाषण संपेपर्यंत रेशनच्या रांगेत उभे असल्यासारखे थांबले होते. डोंगरातल्या म्हातारा-म्हातारीच्या प्रेमकथेवर सगळं गाव फिदा होतं. ताईंचं म्हणणं, अख्ख्या सिनेमात दोघांपैकी एकजणही गुडघ्यावर हात ठेवून उठत नाही, असलं म्हातारपण कुणाला नको? खाणकामगाराच्या सिनेमातला नायक उपाशी होता, काळवंडलेला होता, आणि हसला की आमच्याच लॅबची जाहिरात वाटत होता. भुताच्या सिनेमावर तर एकच वाक्य, “भूत बरं होतं, घरातली माणसं सहन होत नव्हती.”

पण त्या नुसत्या नाकाने कांदे सोलणाऱ्या नव्हत्या. मागच्याच वर्षी एक लहानसा सिनेमा येऊन गेला, हळूहळू ऐकू येईनासं झालेल्या एका बस कंडक्टरचा. थिएटरात मोजकी डोकी होती आणि आठवड्यात तो उतरलाही. त्या सिनेमाबद्दल ताई जेवणाची सगळी सुट्टी बोलत राहिल्या. तो कंडक्टर घरात बायकोच्या ओठांकडे बघून हो हो करतो, आणि बायकोला ते कळलेलं असतं, पण ती त्याला कळू देत नाही, एवढंच त्या सिनेमात होतं. सांगता सांगता ताईंचा डबा तसाच राहिला.

एवढं सिनेमाचं वेड कशामुळे, ते लॅबमध्ये फक्त मला ठाऊक होतं, कारण मी इथे लागले तेव्हा ताईंची आई हयात होती. अर्धांगाचा झटका येऊन ती अंथरुणाला खिळली होती, आणि ते दुखणं दहा वर्षांवर चाललं. लग्नाचं वय त्यातच गेलं. सकाळी आईचं सगळं आवरून, तिला कुशीवर वळवून, हाताशी पाण्याचं भांडं ठेवून ताई कामावर यायच्या. दुपारी धावत घरी जाऊन पुन्हा यायच्या. संध्याकाळी तेच. फक्त शुक्रवारी दुपारी शेजारीण मावशी आईजवळ बसायची, आणि ते तीन तास ताईंचे. तेवढ्यात कुठे जाणार? ना मैत्रिणी उरल्या होत्या, ना हौस. घराजवळ थिएटर होतं, अंधार होता, कुणी हाक मारणार नव्हतं. आई गेली, तरी शुक्रवार राहिला.

ताईंना एक धाकटा भाऊ. तो लहानपणापासून हुशार, गोष्टी रचणारा, घराचा लाडका. शिक्षण झाल्यावर तो मोठ्या शहरात गेला, तिथे मालिका लिहायला लागला. दर रविवारी फोन करायचा. यायचं म्हटलं की काहीतरी निघायचं. “मला सुट्टी मिळत नाही गं. पण तू आहेस ना, मग मला काळजी नाही,” हे त्याचं ठरलेलं वाक्य. ताईंनी ते मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की तो माणूस बघण्याआधी मला त्याचा आवाज पाठ होता. आई गेली तेव्हा तो दुसऱ्या दिवशी पोचला आणि सगळ्यांत जास्त तोच रडला.

पुढे बऱ्याच काळाने तो अचानक घरी येऊन राहिला. रोज संध्याकाळी ताईंना समोर बसवून आईबद्दल विचारायचा. शेवटची वर्षं कशी गेली, ती काय बोलायची, काय खायची. त्या दिवसांत ताई लॅबमध्ये वेगळ्याच दिसत होत्या. मला म्हणाल्या, “उशिरा का होईना, त्याला विचारावंसं वाटलं.” आणि त्यांनी त्याला सगळं सांगितलं. आईला वळवताना तिचा हात आपल्या गळ्यात कसा घ्यायचा, की तिला भीती वाटत नाही. कुस्करलेलं केळं भरवताना आधी आपण तोंड उघडून दाखवायचं. आई त्यांना आपली मेलेली बहीण समजून हाक मारायची, आणि त्या त्या नावाने ओ द्यायच्या. एकदा वैतागून त्यांनी आईच्या अंगावर ओरडून दार आपटलं, मग बाहेर जिन्यात बसून राहिल्या, तेही सांगितलं. ते तर त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

मग भावाचा फोन आला, की त्याने आईवर सिनेमा केलाय. पहिलाच सिनेमा, दिग्दर्शनही त्याचंच. नाव ‘उशाशी’. पहिल्या खास खेळाला त्याने बोलावलं होतं, गाडी पाठवतो म्हणाला. ताई म्हणाल्या, मी माझ्या थिएटरात माझ्या खुर्चीवर बघेन. पण या वेळी त्यांनी मला बरोबर घेतलं. आजवर त्यांनी कुणालाही सिनेमाला बरोबर नेलं नव्हतं.

थिएटर भरलं होतं. सिनेमा सुरू झाला आणि सुरुवातीलाच मला कळेना, की आपण काय बघतोय. पडद्यावर एक तरुण मुलगा होता. मोठ्या शहरातली नोकरी सोडून तो लुळ्या पडलेल्या आईकडे परत येतो. तो आईचा हात आपल्या गळ्यात घेतो आणि तिला कुशीवर वळवतो. तो तोंड उघडून दाखवतो आणि केळं भरवतो. आई त्याला आपला मेलेला भाऊ समजून हाक मारते आणि तो ओ देतो. माझ्या शेजारी ताई ताठ बसल्या होत्या, दोन्ही हात पर्सवर.

सिनेमात बहीणही होती. ती दिसत नव्हती, फोनवर फक्त तिचा आवाज यायचा. दरवेळी ती म्हणायची, “मला सुट्टी मिळत नाही रे. पण तू आहेस ना, मग मला काळजी नाही.” दुसऱ्यांदा हे वाक्य आलं तेव्हा मागच्या रांगेतली बाई दातओठ खात म्हणाली, मेली कुठली. आई गेल्यावर ती बहीण एकदाची पडद्यावर आली. ओठ रंगवलेले, डोळ्यांवर काळा चष्मा. आली आणि सगळ्यांत मोठ्याने रडली. थिएटर तिच्यावर हसलं.

जिन्याचा प्रसंगही होता. मुलगा ओरडतो, दार आपटतो आणि जिन्यात बसून गुडघ्यांत डोकं घालतो. फार सुरेख केलं होतं ते. चहूकडून नाक ओढल्याचे आवाज येत होते. मी ताईंकडे बघितलं, तर त्यांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि त्या पुसत नव्हत्या.

लोक उठले, आम्ही बसून राहिलो. नावं सरकत होती. प्रकाशयोजनावाले गेले, जेवण पुरवणारे गेले, जनरेटरवाला गेला, आणि त्याच्या खाली आभारात बारीक अक्षरांत ताईंचं नाव आलं आणि गेलं. बाहेर पायऱ्यांवर एक म्हातारी अनोळखी बाई डोळे पुसत उभी होती. ताईंचा ओला चेहरा बघून तिला वाटलं, ही आपल्यासारखीच. तिने ताईंचा हात धरला आणि म्हणाली, असा मुलगा पोटी यावा, मुलींचं काही खरं नाही. ताईंनी मान हलवली.

सोमवारी सगळे मताची वाट बघत होते. घरचाच सिनेमा, म्हणजे आज मेजवानी. ताईंनी मेण तापवायचा दिवा पेटवला आणि म्हणाल्या, “चांगला आहे.” पुढे काहीच नाही. पॉलिशवाला दोन वर्षांपूर्वी आलेला, त्याला मागचं काही माहीत नव्हतं. तो भारावून गेला होता. भावाने एवढं केलं आणि तुम्ही कधी बोलला नाहीत, असं तो म्हणाला, आणि मग सिनेमातली बहीण आठवून त्याची जीभ अडखळली. तो खाली बघून मशीन पुसायला लागला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, अहो, ते सगळं ताईंनी केलंय, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. त्याने माझ्याकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, आणि समजूतदारपणे म्हणाला, असेल, असेल, केलं असेल यांनीही. ताईंनी मला डोळ्यांनीच दटावलं.

त्यानंतर ते वाढतच गेलं, जो तो भावाच्या सेवेचं कौतुक करायला लागला. घराखालचा दुकानदार, बँकेतली मुलगी, आईचा जुना डॉक्टर. डॉक्टर तर म्हणाले, हो, आठवतो ना तो, नेहमी यायचा माझ्याकडे औषधं न्यायला. नेहमी जायच्या त्या ताई. पण डॉक्टरांनी सिनेमा बघितला होता आणि सिनेमातल्या डॉक्टरकडे मुलगा येत होता.

शेवटी ताई शेजारीण मावशीकडे गेल्या. ती आता लेकाकडे राहते, गावाच्या दुसऱ्या टोकाला. मी सोबत होते. मावशी खूप थकली होती, पण ओळखलं तिने. ताईंच्या तोंडावरून हात फिरवला, आईची आठवण काढली. मग तिची सून म्हणाली, सासूबाईंना आम्ही सिनेमा दाखवला, केवढ्या रडल्या. मावशी हसली आणि म्हणाली, “तुझा भाऊ किती करायचा गं आईचं. मी बघायचे ना शुक्रवारी येऊन.” ताई म्हणाल्या, हो मावशी, करायचा. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीबाहेर बघत होत्या. एकदाच बोलल्या, की आईला विचारता आलं असतं तर तिनेही कदाचित त्याचंच नाव सांगितलं असतं.

सिनेमा चालला. गावातल्या एका मंडळाने भावाचा सत्कार ठरवला, भूमिपुत्र म्हणून. त्यासाठी तो आला आणि सत्काराच्या दिवशी दुपारी ताईंकडे आला. ताईंनी मला आधीच बोलावून ठेवलं होतं. म्हणाल्या, एकटी असले तर मी त्याला चहा देईन आणि गप्प बसेन, म्हणून तू बस. तो आला, मला बघून जरा बावरला, मग खुर्चीत बसला. ती आईच्या पलंगाजवळची खुर्ची. पलंग आता नव्हता. चेहऱ्याने तो अगदी ताईंसारखा, फक्त मऊ. खूप वेळ इकडचं तिकडचं बोलला आणि मग त्याला धीर धरवेना.

“ताई, तू सगळ्या जगाच्या सिनेमांवर बोलतेस. माझ्यावर एक शब्द नाही?”

ताई म्हणाल्या, “सिनेमा चांगला आहे. आजवर आलेल्यांत मी त्याला फार वरचा मानेन. तो जिन्यातला प्रसंग तर कुणाला जमला नसता. ज्याच्यावर ते गुदरलंय त्यालाच तसं सुचतं. तुला कसं सुचलं?”

तो खुर्चीत मागे सरकला.

“आणि बहीण,” ताई म्हणाल्या. “तिचं ते वाक्य कुणाचं रे?”

तेव्हा तो बोलायला लागला आणि बराच वेळ बोलत राहिला. आधी त्याने ताईंचीच गोष्ट लिहिली होती, मुलीची. ती घेऊन तो दारोदार हिंडला. सगळ्यांचं एकच म्हणणं पडलं, की मुलगी आईचं करते यात गोष्ट काय आहे? मुलगी करतेच. मुलगा करतो तेव्हा लोक बघायला येतात. मग त्याने मुलीचा मुलगा केला. मग त्या मुलासमोर कुणीतरी न करणारं हवं होतं, नाहीतर त्याचं मोठेपण दिसत नाही, म्हणून बहीण आली. मुद्दाम नव्हतं केलेलं, एक केलं की दुसरं आपोआप होत गेलं. सिनेमाला एक माणूस लागतो, दोन चालत नाहीत. तुला मी काढून टाकलेलं नाही ताई, तुला मी माझ्यात मिसळून घेतलं, असं तो म्हणाला.

“म्हणजे आयत्या बिळावर नागोबा,” ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. “वर बीळ खणणारीला हाकललंस, ते वेगळंच.”

आभारात तुझं नाव आहे, असं तो म्हणाला. ताई म्हणाल्या, आहे, बघितलं मी, जनरेटरवाल्यानंतर. मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली, कारण तो रडायला लागला होता. खरंच रडत होता, लहान मुलासारखा, मनगटाने नाक पुसत. म्हणाला, मी आलो नाही याचं मला किती वाटतं तुला माहीत नाही. लिहिताना, शूटिंग करताना मला रोज वाटत होतं की आपण तिथे आहोत, आईच्या उशाशी. त्यासाठीच केला मी सिनेमा.

ताईंनी त्याला पाणी दिलं. तो प्यायला. मग त्या म्हणाल्या, “मग ते दाखवायचं होतंस. आई तिकडे झिजतेय आणि मुलगा येत नाही. रविवारी फोन करतो आणि येत नाही. त्याला वाईट वाटतं, तरी येत नाही. ते तुझं स्वतःचं होतं, कुणाकडून घ्यावं लागलं नसतं. असा सिनेमा मी अजून कुणाचा पाहिलेला नाही.”

त्याने ग्लास खाली ठेवला. मग घड्याळाकडे बघितलं. संध्याकाळी स्टेजवर चल, माझ्या शेजारी बस, मी सगळ्यांसमोर तुझी ओळख करून देतो, असं तो म्हणाला. ताईंनी विचारलं, काय म्हणून? माझी बहीण म्हणून, असं तो पुटपुटला, आणि बोलता बोलताच त्याला कळलं असावं, की त्या सभागृहात ‘दिग्दर्शकाची बहीण’ म्हणजे कोण. तो उठला, ताईंच्या पाया पडला आणि गेला.

ताई सत्काराला गेल्या नाहीत. मी गेले होते. खरं बोलायची संधी मिळाली तर बोलावं, असं मनात होतं, पण तिथे माझ्यासारखीला माईक कोण देणार? भाऊ छान बोलला. आईबद्दल बोलताना त्याचा आवाज भरून आला. शेवटी म्हणाला, की या सिनेमात माझ्या मोठ्या बहिणीचा फार मोठा वाटा आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि माना वळवून शोधलं. समोरच्या रांगेतल्या दोन बायका आपसांत कुजबुजल्या, बघा, आजही आली नाही. मी त्यांच्या मागेच बसले होते. वाकून काहीतरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, पण कुठून सुरुवात करायची ते कळेना, आणि तेवढ्यात दिवे मालवून सिनेमातले प्रसंग दाखवायला लागले.

हे मी ताईंना सांगितलं नाही. त्यांना दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं.

आता ‘उशाशी’ उतरून बरेच दिवस झाले. भावाचा रविवारी फोन येतो. ताई घेतात, तब्येतीचं बोलतात आणि ठेवतात. तो दुसरा सिनेमा लिहितोय, वडिलांवर. वडील गेले तेव्हा तो पाळण्यात होता. त्याने फोनवर ताईंना विचारलं, बाबा कसे होते गं? ताईंनी सांगितलं, मला आठवत नाही. त्यांना वडिलांच्या चपलांचा आवाजसुद्धा आठवतो, हे मला माहीत आहे.

शुक्रवारची अर्धी रजा चालू आहे. सोमवारी पॉलिशवाला अजून विचारतो, काय ताई, कसा होता? मागच्या आठवड्यात दीपगृहाच्या राखणदाराचा सिनेमा लागला, सगळीकडे त्याचंच नाव आहे. ताई आल्या, पिशवी खुंटीला लावली. म्हणाल्या, “चांगला आहे. रडले मी. पण हल्ली रडून झालं की मनात येतं, हे याने कुणाच्या घरून उचललं असेल?” पॉलिशवाला हसला, त्याला तो विनोद वाटला. त्याने मशीन सुरू केलं, आणि ताई पुढच्या कवळीचे दात निवडायला लागल्या.